२५ सप्टेंबर : चिरनेरचा दिवस

(उरण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



सकाळच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यातील एक छोटी चौकट आपण सारेच वाचतो. आकाशवाणीवर पूर्वी प्रभातीच तिचे वाचन होत असे. शाळेत शिरताच डाव्या हाताला असलेल्या फळ्यावर कुणी सुवाच्य अक्षराचा विद्यार्थी ती खडूने लिहीत असतो. तिचे नाव ‘दिनविशेष’. आजच्या तारखेला जगात काय काय घडले, कोण जन्मले, कोण गेले, कुठली लढाई झाली, कुठला करार झाला, हे तीत सातआठ ओळींत सांगितलेले असते. ही चौकट वाचायला रंजक असते, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडते आणि दुपारपर्यंत विसरली जाते. तीत दोष कुणाचाच नाही. तारखेचा धागा मुळातच कच्चा असतो. ज्या दोन घटनांचा एकमेकींशी काडीमात्र संबंध नाही, त्या केवळ एका आकड्याखाली शेजारीशेजारी येऊन बसतात.

२५ सप्टेंबर ही तारीख घ्या. १६९० साली याच तारखेला अमेरिकेतील बॉस्टन शहरात त्या वसाहतींमधील पहिले वर्तमानपत्र निघाले. चार दिवसांच्या आत सरकारने ते बंद पाडले आणि त्याचा दुसरा अंक कधीच निघाला नाही. वृत्तपत्रव्यवसायात असणाऱ्यांना ही गोष्ट आजही जवळची वाटावी. पण येथे एक गंमत आहे. त्या काळी इंग्रजांच्या मुलखात जुनी, ज्युलियन कालगणना चालू होती. १७५२ साली त्यांनी ती सोडली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस पंचांगातूनच गळाले. म्हणजे बॉस्टनचा तो २५ सप्टेंबर आणि आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील २५ सप्टेंबर हे काटेकोर हिशेबाने एक दिवस नव्हेतच. आपल्याकडे तिथी मानावी की तारीख, यावर वाद झाले की काही मंडळी तारखेला जणू विज्ञानाचे अधिष्ठान आहे अशा थाटात बोलतात. त्यांनी हे अकरा दिवस ध्यानी ठेवायला हरकत नाही.

१९५७ साली याच तारखेला अमेरिकेच्याच लिटल रॉक या गावी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी लष्कराच्या संरक्षणात एका शाळेत शिरले. दारात जमाव उभा होता, राज्याचा गव्हर्नर विरोधात होता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी छत्रीधारी सैनिकांची तुकडी पाठविली. मुलांनी शाळेत जावे एवढ्यासाठी संगिनी परजाव्या लागल्या. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचा जन्म २५ सप्टेंबर १९१६चा, हे येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊकच आहे. आणि १९३० साली? बहुतेक दिनविशेषांत त्या वर्षापुढे काहीच नसते. असलेच तर ‘चिरनेर येथे जंगल सत्याग्रह, गोळीबारात आठ जण ठार’ एवढे सातआठ शब्द.

हे चिरनेर येथून काही कोसांवर आहे. ज्या तालुक्यात आपण बसलो आहोत त्याच तालुक्यातले हे गाव. बॉस्टनचे वर्तमानपत्र आणि लिटल रॉकची शाळा ज्याला पाठ आहे, त्या उरणच्या विद्यार्थ्याला चिरनेरच्या आठांपैकी दोन नावे तरी सांगता येतात का, हे त्याच्या पालकांनी घरी गेल्यावर विचारून पाहावे. म्हणूनच आजचा विषय या तारखेतील त्या एका ओळीचा आहे.

मीठ, पाऊस आणि कुऱ्हाड

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले, येथपर्यंतची कथा सर्वपरिचित आहे. त्यानंतर मुंबईत वडाळ्याला, गुजरातेत धारासण्याला, दक्षिण कोकणात शिरोड्याला मिठाचे सत्याग्रह झाले, लाठ्या चालल्या, डोकी फुटली. पण जून उजाडला आणि पाऊस आला. मिठागरांत पाणी भरले. आता मीठ करायचे कशाचे आणि कायदा मोडायचा कसा? चळवळ पावसाने विझू नये म्हणून दुसरा कायदा शोधणे भाग होते आणि तो सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर तयार होता. तो म्हणजे जंगलचा कायदा. काँग्रेसच्या कार्यसमितीने मे महिन्यातच त्याला अनुमती दिली होती. १९३०च्या पावसाळ्यात महाराष्ट्र आणि वऱ्हाड-मध्यप्रांत येथे जे जंगल सत्याग्रह पेटले, त्यांचे एक कारण असे अगदी साधे, आभाळातून पडणारे होते.

उरणच्या भूमीत मात्र हे दोन्ही कायदे एकत्र नांदत होते आणि असा मुलूख महाराष्ट्रात फार थोडा असेल. तेव्हा उरण हा कुलाबा जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचा पेटा होता. पश्चिमेला करंजा, मोरा, द्रोणागिरीचा डोंगर आणि समुद्र. मध्ये खाडीचे पाणी, खाजणे आणि मिठागरे. आणि पूर्वेला जमीन चढत चढत चिरनेरच्या रानापाशी डोंगराला भिडलेली. पश्चिमेच्या माणसाला स्वतःच्या हाताने पिकविलेल्या मिठावर कर होता आणि पूर्वेच्या माणसाला स्वतःच्या गावाच्या रानातील लाकडावर बंदी होती.

ही बंदी नेमकी काय होती, हे समजून घेतल्यावाचून चिरनेर समजत नाही. शहरातील माणसाला वाटते, लाकूड म्हणजे सरपण. ते मिळाले नाही तर फार तर चूल पेटायला उशीर होईल. कोकणातील भातशेतीचे गणित तेवढ्यावर संपत नाही. येथे भाताचे रोप तयार करण्यासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर झाडाच्या डहाळ्या, पाला, गवत, पेंढा असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि सारे जाळून टाकायचे. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, राखेचे खत होते आणि पहिल्या पावसाबरोबर पेरलेले रोप जोमाने वर येते. राब नसेल तर रोप नाही, रोप नसेल तर आवणी नाही आणि आवणी नसेल तर वर्षभराचा तांदूळ नाही. म्हणजे डोंगरावरील फांदी ही शेतकऱ्याच्या ताटातल्या भाताची पहिली पायरी होती. घराच्या कुडाला कारवी लागे, नांगराला टणक लाकूड लागे. खाडीकाठचा कोळीही या रानावाचून सुटलेला नव्हता. सुती जाळी पाण्यात टिकावीत म्हणून ती ऐनाच्या सालीच्या रंगात बुडवीत असत.

आणि कातकरी तर संपूर्णपणे रानाचाच. त्याचे नावच मुळी खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून पडले. काथ काढावा, कोळसा पाडावा, मध, कंद, रानभाजी गोळा करावी आणि भातकापणीला शेतकऱ्याच्या खळ्यावर राबावे, हा त्याचा वर्षाचा क्रम. १८७८ सालच्या वनकायद्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वाटणी केली, १९२७च्या कायद्याने ती पक्की केली. ज्याच्याकडे शेत होते त्याचे नुकसान झाले. ज्याच्याकडे शेतही नव्हते, त्या कातकऱ्याचा धंदा एका रेघेने गुन्हा ठरला.

हा असंतोष १९३०चा नव्हे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाणी इतकी वाढली होती की, १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी वनआयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्यापुढे आलाच. काही सवलती मिळाल्या, काही कागदावर राहिल्या आणि रानातील पहारेकऱ्याची सत्ता मात्र होती तशीच राहिली. मोळीवाल्या बाईची मोळी सोडायची की जप्त करायची, हे लंडनचा मंत्री ठरवीत नसे, फॉरेस्टचा शिपाई ठरवी. खेड्यातील माणसाची परसत्तेशी गाठ पडे ती रोज येथे, रानाच्या वाटेवर. राजधानीतील भाषणांनी जे समजावता आले नसते, ते या शिपायाने पन्नास वर्षे समजावून ठेवलेले होते. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी फक्त तारीख सांगितली.

त्या वर्षी जंगल सत्याग्रह अनेक ठिकाणी झाले. वऱ्हाडात पुसदला १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी आरंभ केला. सातारा भागात बिळाशीच्या गावकऱ्यांनी सागाच्या उंच खांबावर ध्वज चढविला आणि तो राखण्यासाठी मार खाल्ला. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात २१ जुलैला डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी कायदा मोडला. सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवून ते एक सत्याग्रही म्हणून गेले होते. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९३१पर्यंत ते अकोल्याच्या कारागृहात होते. चिरनेरला गोळ्या सुटल्या तेव्हा डॉक्टर अकोल्याला गजाआड होते आणि दीनदयाळ नावाचा एक मुलगा त्याच दिवशी चौदा वर्षांचा होत होता. त्या दोघांना उरणचे नाव तरी त्या दिवशी ठाऊक असण्याचे कारण नाही. तारखा अशाच असतात. तरी पुसद, लोहारा, बिळाशी आणि चिरनेर ही एकाच पावसाळ्यातील एकाच लढ्याची ठाणी होती, हे मात्र केवळ आकड्याचे नाते नव्हे.

सात गावांतील आठ जण

२५ सप्टेंबर १९३०चा तो गुरुवार होता. नवरात्र बसून दोनतीन दिवसच झाले होते. कोकणात हे दिवस भात निसवण्याचे. आवणी झालेली, बेणणी आटोपलेली, कापणीला अवकाश. शेतकऱ्याला वर्षात जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्यांतले हे.

चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराकडे आसपासच्या गावांतून माणसे निघाली. कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे, मोठी जुई, धाकटी जुई. हातात कोयते आणि कुऱ्हाडी होत्या, कारण त्या असल्यावाचून झाड तोडता येत नाही आणि झाड तोडल्यावाचून कायदा मोडत नाही. जंगल सत्याग्रहाची हीच मोठी अडचण होती. मिठाच्या सत्याग्रहात हातात फार तर एक भांडे असे. येथे सत्याग्रहाचे साधन आणि शस्त्र एकच दिसत होते. सत्याग्रही शपथेने अहिंसक असला, तरी समोरच्या शिपायाला त्याच्या हातातील पाते दिसे. हा पेच ज्यांनी दूर मुंबईत बसून ठराव केले, त्यांना कितपत जाणवला असेल हे सांगणे कठीण आहे. अक्कादेवीच्या उतारावर मात्र तो दोन्ही बाजूंना जाणवला असणार.

पोलीस हजर होते, मामलेदार जोशी हजर होते. झाडांवर घाव पडले आणि पुढे गोळीबार झाला. आठ गावकरी गेले, अनेक जखमी झाले. सरकारी बाजूचेही काही जण ठार झाले आणि त्यांत खुद्द मामलेदार जोशी होते. त्यांचा मृत्यू कसा झाला, याच्या दोन हकिकती आहेत. सरकारने दोष जमावावर ठेवला. गावची परंपरा सांगते की, जोशींनी गोळीबाराला अनुमती नाकारली आणि पोलीस अधिकाऱ्याच्याच गोळीला ते बळी पडले. चिरनेरच्या पिढ्यांनी ही दुसरी हकिकत जपली आहे. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गावाची माणसे गोळ्यांनी मेली, त्या गावाने इंग्रजी सत्तेच्या एका नोकराला आपल्या स्मृतीत शत्रूच्या रांगेत बसविलेले नाही. एवढा विवेक दुखावलेल्या गावाने दाखवावा, याची नोंद घेतली पाहिजे. महागणपतीच्या देवळातील लोखंडी गजावर लागलेल्या गोळीची खूण गावकरी आजही दाखवितात.

आता ती आठ नावे. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर. चिरनेरचेच नवश्या महादेव कातकरी. मोठ्या जुईचे रामा बामा कोळी. धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील. कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर शिंदे, ज्यांचे नाव काही ठिकाणी रघुनाथ न्हावी असेही येते. पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील. खोपट्याचे हसुराम बुध्या घरत. दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे.

ही नावे सावकाश वाचली पाहिजेत. गवत्या, बुध्या, बेमट्या ही वडिलांची नावे आहेत. पुस्तकी नामकरणाची हवा न लागलेल्या घरांची ती नावे आहेत. गवत्याचा मुलगा धाकू होता, बेमट्याचा मुलगा आलू. यांतल्या कुणाचे भाषण छापलेले नाही, कुणाचे पत्र संग्रहात नाही. इतिहासाच्या ग्रंथात ज्यांना स्थान मिळते त्यांच्याजवळ बहुधा लेखणी असते. यांच्याजवळ कोयता होता. स्वातंत्र्यलढा हा इंग्रजी शिकलेल्या मूठभर शहरी लोकांचा उद्योग होता, असे एक मत अधूनमधून मोठ्या विद्वत्तेने मांडले जाते. त्या विद्वानांनी ही यादी हाती घ्यावी.

आणखी एक पाहावे. शेतकरी, कोळी, कातकरी, न्हावी. ज्या काळी कातकऱ्याला गावाच्या विहिरीपासून दूर ठेवीत, त्या काळी त्याच गावची माणसे त्याच्या शेजारी उभी राहून एकाच गोळीला सामोरी गेली. येथे भावनेच्या भरात वाहून जाऊ नये. २६ सप्टेंबरला सकाळी चिरनेरमधील कातकरीवाडी गावठाणात येऊन वसली नाही. नवश्या कातकऱ्याच्या वाडीला पुढे काय मिळाले, हा प्रश्न विचारणे म्हणजे हुतात्म्याचा अवमान नव्हे. रायगड जिल्ह्यातील कातकरी समाज आजही वीटभट्टीच्या आणि उचलीच्या चक्रात अडकलेला दिसतो आणि ज्या जंगलासाठी तो मेला त्या जंगलावरचा त्याचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा यायला २००६ साल उजाडावे लागले. हुतात्मा स्तंभावर त्याचे नाव इतरांच्या बरोबरीने कोरले गेले, हे खरे. पण दगडावर मिळालेली बरोबरी वाडीवर पोचायची राहिली आहे. सामाजिक समरसतेची भाषा करणाऱ्यांनी तर हे अधिकच मनाला लावून घ्यायला हवे, कारण चिरनेरच्या यादीसारखे उदाहरण त्यांना शोधून सापडणार नाही.

गोळीबारानंतर धरपकड झाली, खटला चालला, शिक्षा झाल्या. ज्यांच्या घरचा कर्ता गेला त्यांची कापणी त्या वर्षी कुणी केली असेल, हे कुठल्याही कागदात सापडायचे नाही. भात मात्र कुणासाठी थांबत नाही. दसऱ्यानंतर ते कापलेच असेल आणि कुणीतरी शेजाऱ्यानेच कापले असेल.

याच तारखेचा दुसरा धडा

चिरनेरनंतर बरोबर दोन वर्षांनी, २५ सप्टेंबर १९३२ रोजी, मुंबईत एक सभा भरली. आदल्या दिवशी येरवड्याला पुणे करार झाला होता. गांधीजींचे उपोषण अजून सुटायचे होते. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली जमलेल्या हिंदू नेत्यांच्या त्या परिषदेने कराराला मान्यता दिली आणि एक ठराव केला. त्याचा आशय असा की, यापुढे हिंदूंमध्ये जन्माने कुणीही अस्पृश्य मानला जाणार नाही. ज्यांना आजवर तसे मानले गेले, त्यांना सार्वजनिक विहिरी, शाळा, रस्ते आणि इतर सार्वजनिक संस्था यांवर इतर हिंदूंइतकाच अधिकार राहील.

या ठरावाची आठवण दिनविशेषात क्वचितच असते. पुणे कराराचा २४ सप्टेंबर सर्वांना ठाऊक असतो, कारण त्यात राखीव जागांचा हिशेब होता, राजकारण होते, दोन मोठ्या पुरुषांचा संघर्ष होता. दुसऱ्या दिवशीच्या ठरावात हिंदू समाजाने स्वतःच स्वतःला दिलेले वचन होते आणि वचनाची आठवण कुणालाच सोयीची नसते. राखीव जागा कायद्याने आल्या. विहीर मात्र गावोगाव पुढेही बंदच राहिली आणि ती उघडण्यासाठी राज्यघटनेचे सतरावे कलम लागले. मुंबईच्या त्या सभेत शब्द होते आणि चिरनेरच्या उतारावर, दोन वर्षे आधी, कुणी काही न बोलता त्या शब्दांचा थोडासा अर्थ करून दाखविला गेला होता. एका तारखेखाली या दोन घटना शेजारी बसल्या, हा योगायोगच. पण असा योगायोग हाती आला तर त्याकडे डोळेझाक का करावी?

उरणच्या आणखी काही तारखा

समुद्रकाठच्या माणसाला तारीख सांगायला दिनदर्शिका लागत नाही. १७ जुलै १९४७ म्हटले की करंजाच्या पलीकडे रेवस, अलिबागपासून मुंबईपर्यंत वृद्ध माणसे ‘रामदास’ म्हणत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट उलटली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. त्या आषाढात किनाऱ्यावरील कित्येक घरांत पुढचा सण साजरा झाला नाही.

दुसरी तारीख अधिक अवघड आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४. जासईजवळ दास्तान फाटा आणि नवघरचा परिसर. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना योग्य मोल मिळावे आणि विकसित भूखंडात शेतकऱ्याचा वाटा असावा, यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन दिवसांत पाच जण गेले. त्यांतून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, जिचे नाव आज उरण-पनवेलच्या प्रत्येक घरात घेतले जाते. या गोळ्या स्वतंत्र भारतातील पोलिसांच्या होत्या. चिरनेरचे स्मरण करताना या पाचांना वगळणे सोपे आहे, कारण तेथे बोट दाखवायला इंग्रज नाही. दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजावेत असे नाही. परकी सत्ता आणि स्वकीयांचे निवडून आलेले शासन यांत अंतर आहेच. पण सरकार कुणाचेही असो, या तालुक्यातील शेतकऱ्याने चोपन्न वर्षांच्या अंतराने दोनदा हेच विचारले की, आमच्या पायाखालची जमीन आणि आमच्या डोक्यावरचा डोंगर यांचा निर्णय आम्हांला न विचारता कसा होतो? प्रश्न तोच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. बंदर आले, गोदामे आली, डोंगर पोखरले गेले, खाजणांवर भराव पडला. मिठागरे शोधावी लागतात. उरणच्या नव्या पिढीतील मुलाला राब म्हणजे काय हे सांगावे लागते, कारण त्याच्या आजोबांनी शेवटचा राब कधी भाजला ते वडिलांनाही नीट आठवत नाही.

चिरनेरला दरवर्षी २५ सप्टेंबरला हुतात्मा स्तंभापाशी कार्यक्रम होतो. मंत्री, आमदार येतात, भाषणे होतात, हुतात्म्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो. आणि पोलीस दल बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देते. ज्या गावाने पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्या गावात आज पोलिसांच्याच बंदुका आकाशाकडे तोंड करून सुटतात. स्वराज्य कशाला म्हणायचे याचे एवढे प्रत्यक्ष दर्शन फार थोड्या ठिकाणी घडत असेल. लहान मुले कानांवर हात ठेवून ती पाहतात. पण फैरींचा आवाज विरल्यावर त्या मुलांजवळ काय उरते? बहुतेकांजवळ आवाजच उरतो. नावे उरत नाहीत, कारण आठ नावे एका दमात वाचली जातात आणि एका दमात ऐकलेले एका दमात विसरते.

यासाठी मोठ्या स्मारकाची, निधीची वा समितीची गरज नाही. शाळेच्या ज्या फळ्यापासून आजच्या विषयाला आरंभ झाला, तो फळा पुरेसा आहे. तिसरीत आलेला मुलगा दहावी होईपर्यंत शाळेत आठ वर्षे असतो. हुतात्मेही आठच आहेत. दर २५ सप्टेंबरला फळ्यावर एकच नाव लिहावे, पूर्ण, वडिलांच्या नावासह. त्याच्या गावाचे नाव लिहावे. त्या गावात मुलांना एकदा घेऊन जावे आणि तेथल्या जाणत्या माणसाकडून जे आठवते ते ऐकून वहीत उतरवून घ्यावे. ऐकीव माहिती कधी चुकीची निघेल, दोन घरांच्या हकिकती जुळणार नाहीत, तारखांचे घोळ होतील. ते सारे तसेच लिहून ठेवावे; निवाडा करणारे अभ्यासक पुढे येतील. सांगणारे मात्र पुढे असणार नाहीत. ज्या पिढीने तो दिवस डोळ्यांनी पाहिला ती गेली. ज्यांनी त्यांच्या तोंडून तो ऐकला ती पिढी आज सत्तरीपलीकडे आहे.

घरोघरीही हे करता येईल. नवरात्रात देवीच्या दर्शनाला कुटुंबे दूरदूर जातात. एखाद्या वर्षी अक्कादेवीच्या डोंगराकडे जावे, महागणपतीचे दर्शन घ्यावे, स्तंभावरील नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. कातकरीवाडीत जाऊन नवश्याच्या समाजबांधवांच्या मुलांची शाळा कशी चालली आहे तेही विचारावे; जाताना फोटो काढण्याचा हेतू घरी ठेवून जावे. शाळांना यंदाच आरंभ करायचा असेल तर खोपट्यापासून करावा. उरणहून चिरनेरकडे जाताना खाडीवरचा पूल ओलांडला की खोपटे लागते आणि त्या गावचे नाव आहे हसुराम बुध्या घरत.